अंगातलं की बाहेरचं?

स्वतःचा ताप मोजण्याआधी शेजारचे भागाजीनाना थर्मामीटर माझ्या काखेत घालतात. माझा अठ्ठ्याण्णव आला, तरच थर्मामीटर शहाणा. जास्त आला तर, "सर, एक तर ह्यो खोटा, न्हाईतर तुमी आजारी," असं म्हणून दोघांकडेही संशयाने बघतात.

नानांनी संगमनेरच्या एका दूध डेअरीत जन्म काढला. दूध सेल्सिअसवर मोजायचं आणि माणूस फॅरेनहाइटवर, ही भानगड त्यांना कधीच पटली नाही. "चाळीसच्या उन्हात जीव नकोसा व्हतो, अन् अठ्ठ्याण्णवला मानूस ठणठणीत. कशावरून?" हे 'कशावरून' म्हणजे त्यांचा जपच. घरात थर्मामीटर तीन. एक पाऱ्याचा, एक बटणाचा, एक कपाळावर पिस्तुलासारखा रोखायचा. तिघांचं एकमत झालं, की नाना जास्तच बिथरतात. "आतून मिळालेले हायेत."

मला मात्र नानांचाच संशय येऊ लागला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पुण्याला नातीजवळ राहायला गेल्या, तेव्हापासून हे रोज संध्याकाळी "कसर वाटतीय" म्हणत हजर. अठ्ठ्याण्णव ऐकलं की चेहरा पाडायचे. बरं असल्याचं दुःख करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी माझ्या बायकोने छडा लावला. जाताना काकू म्हणाल्या होत्या, "शंभरच्या वर ताप गेला तर लगेच येते." नाना शंभराची वाट बघत होते! आम्ही पोट धरून हसलो.

परवा संध्याकाळी नाना आलेच नाहीत, म्हणून मी गेलो. भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून कुडकुडत पडले होते. बटणाचा थर्मामीटर लावला. एकशे एक!

"नाना, जिंकलात. लावा फोन!"

तेवढ्यात काकूंचाच आला. नानांनी तो स्पीकरवर घेतला. नातीला कांजिण्या आल्या होत्या. पोर काकूंचा पदर सोडत नव्हती. सगळं सांगून झाल्यावर काकूंनी विचारलं, "तुमचं किती हाय?"

नानांनी थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला, बटण दाबलं आणि आकडा सेल्सिअसवर नेला.

"अडतीस."

"म्या तापाचं इचारते अन् तुमी उन्हाचं सांगा! चेष्टा सुचतीय म्हंजी बरे हायेत. टोपी घालून हिंडत जा."

"व्हय."

फोन ठेवून नानांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, खोटं न्हाई ना बोललो?"

"नाही, नाना. अडतीसच आहे."

त्यांनी 'कशावरून' विचारलं नाही. थर्मामीटर मुठीत धरून भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.