चातीवरचं गंध

विजयादशमीच्या सकाळी शार्दूल गिंडीच्या, सूतगिरण्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिरला आणि सूतकताईच्या यंत्राकडे पाहून त्याच्या हातातला डबा खाली पडला. यंत्रावरच्या एकूण एक गाईडला चंदनाचा लेप लागला होता, वर कुंकू. तेही नुसतं वरवर नव्हे, जिथून सूत जातं त्या भोकात बोट घालून आतपर्यंत.

गाईड म्हणजे चिनी मातीची एवढीशी कडी. गरागरा फिरणाऱ्या चातीच्या डोक्यावर ती बसते आणि उधळलेल्या सुताला वळण लावते. ती चातीच्या बरोबर मधोमध हवी. जरा सरकली की सूत तुटलंच. जुनी गाईडं हादऱ्यांनी सरकायची. शार्दूलनं न सरकणारं गाईड तयार केलं होतं. इचलकरंजीच्या या पोराचं हे स्वतःच्या डोक्यातून निघालेलं पहिलं काम. ते पाहायला आज गिरणीवाले दत्ताजीराव कोइमतूरहून यायचे होते. त्यांनी नाही म्हटलं तर गाईड कपाटात जाणार, असं मालक वेंकोबांनी बजावून ठेवलं होतं.

"सरोजाक्का, हे कोणी केलं?"

"मीं!" वेंकोबांच्या पत्नी अभिमानानं म्हणाल्या. हे घराणं तंजावरकडचं, जुन्या वळणाची मराठी बोलणारं, राहायला मैलापुरात. "काल आयुधपूजा होती नव्हे का? तूं प्रसादाचे सुंडल-हरभरे खाऊन वेलचेरीला खोलीवर पळालास, मग पूजा कोण करणार?"

"पण आत कशाला लावलंत?"

"देवाला गंध कुठें लावतात? कपाळाला. सूत जिथून जातें तें याचें कपाळ!"

शार्दूलनं खिशातून रुमाल काढला. तो गाईडपर्यंत पोचायच्या आत सरोजाक्का किंचाळल्या.

"अय्यय्यो! सणाच्या दिवशीं कुंकू पुसतोस?"

एरवी कोणत्याही सरकारी साहेबाला न घाबरणारे वेंकोबा दोन पावलं मागे सरले.

"सर, तुम्ही तरी सांगा!"

"बाबा रे, घरीं मला जेवायचें आहे," वेंकोबा हळूच म्हणाले. "यंत्र एकदां फिरूं दे. मग काय तें पूस."

"आणि बूट घालून पूजेच्या यंत्राजवळ येऊं नको," सरोजाक्कांनी वर सुनावलं.

शार्दूलनं निमूटपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'यंत्राजवळ सेफ्टी बूट काढू नयेत.' पाटी त्यानंच लावलेली होती.

तेवढ्यात दत्ताजीराव आलेच. लुंगीसारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी, पांढरा शर्ट, आणि जगातल्या सगळ्या विक्रेत्यांना खोटं ठरवून आलेला चेहरा. "राहुकाळ लागायच्या आंत चालू करा," ते म्हणाले. "गाईड मधोमध राहतें, सगळेच सांगतात. फिरत्या सुताचें कोणाला दिसतें? मला डोळ्यांनीं दाखवा."

शार्दूलला घाम फुटला, कारण हेच त्याला दाखवता येत नव्हतं. शिवाय एक लपवाछपवीही होती. एक नवं गाईड कमी पडलं म्हणून त्यानं शेवटच्या चातीवर गुपचूप जुनंच बसवलं होतं. सगळ्यांना गंध लागल्यावर कोण ओळखतंय, एवढाच काय तो आधार.

सरोजाक्कांनी नमस्कार करून बटण दाबलं.

चात्या फिरू लागल्या आणि कारखान्यातली माणसं, रोज पाहत असूनसुद्धा, हातातलं काम सोडून बघू लागली. एकेक सूत चातीभोवती इतक्या वेगानं फिरू लागलं की ते सूत राहिलंच नाही. हवेत पारदर्शक घागरी उभ्या राहिल्या. आरपार दिसणाऱ्या, आणि जागच्या जागी अगदी स्थिर. कोणी घडवल्या नाहीत, कोणी धरल्या नाहीत. दत्ताजीरावांनी जन्मभर हे पाहिलं होतं, तरी त्यांचेही हात आपोआप जोडले गेले. शार्दूल आपली नोकरी, गाईड, घाम सगळं विसरून बघत राहिला.

मग वाळलेलं गंध सुटलं. त्या घागरींनी चंदनाची भुकटी आणि कुंकू चहूकडे भिरकावायला सुरुवात केली. दत्ताजीरावांची वेष्टी बघता बघता रंगपंचमीची झाली. शार्दूलला शिंका आवरेनात. त्यातच शेवटच्या चातीचं सूत तटकन तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं.

"बंद करा!" दत्ताजीराव ओरडले.

यंत्र थांबलं. ते तडक शेवटच्या चातीकडे गेले, नाकावर कुंकू तसंच ठेवून चष्मा चढवला आणि वाकून गाईडात पाहिलं. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. असं करत पूर्ण रांग पाहून परत आले.

"इकडे ये रे."

शार्दूल रुमालानं नाक पुसत गेला.

"हें बघ. या सगळ्यांत सुतानें गंध चारी बाजूंनीं सारखें पुसलें आहे. गोल, स्वच्छ. म्हणजे मधोमध. आणि या शेवटच्यांत एकाच अंगाला घासलें, दुसरीकडे कुंकू जसेंच्या तसें. हें तुझें नव्हे."

"नाही," शार्दूल पुटपुटला. "ते जुनं आहे. एक कमी पडलं होतं."

"कमी पडलें तेंच बरें झालें. नाहींतर फरक कसा कळता?" दत्ताजीराव पहिल्यांदा हसले. "वेंकोबा, माझ्या सगळ्या गिरण्यांना हींच गाईडें. पण एक अट. माल पाठवण्याआधीं हीच परीक्षा. असेंच गंध, आंतून."

वेंकोबांनी आनंदानं बायकोकडे पाहिलं. शार्दूलला तर नाचावंसं वाटलं. सरोजाक्कांना मात्र यात नवल काहीच वाटलं नाही. पूजा केल्यावर काम होणारच.

पुढच्या सोमवारी पहिला माल परीक्षेला लागला. चंदनाची वाटी घेऊन शार्दूल यंत्रापाशी गेला आणि त्यानं तर्जनी बुडवली.

"तें बोट नव्हे, अनामिका," मागून सरोजाक्कांचा आवाज आला. "आणि आधीं बूट काढ."

शार्दूलनं पाटीकडे पाहिलं. मग खाली वाकून नाड्या सोडायला लागला.