खिडकी क्रमांक चार

विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी आमच्या महाविद्यालयात सत्तावीस सुविधा उपलब्ध आहेत. हे मी म्हणत नाही, प्रवेशद्वाराजवळचा संगमरवरी फलक म्हणतो. त्यातल्या सव्वीस सुविधांची चौकशी खिडकी क्रमांक चारवर करायची, आणि त्या खिडकीत मोकलकाका बसत. सत्ताविसावी सुविधा म्हणजे पार्किंग.

मोकलकाका खाडीकाठच्या करावे गावचे. कुठल्याही अर्जावर 'कारण' हा रकाना दिसला की त्यांचा चेहरा शिळं पापलेट हातात आल्यासारखा होई. बोनाफाईड असो, बुक बँकेची पुस्तकं असोत, लॅबसाठी उसना अ‍ॅप्रन असो, नाहीतर मंगळवारी येणाऱ्या समुपदेशक बाईंची वेळ असो. पोरगं "काका, त्याचं असं झालं" म्हणून सुरुवात करायचं आणि काका हात आडवा करायचे.

"कारन नको सांगू. काय पायजे ता सांग."

एकदा खडूचा डबा मागताना मीही आधीचा डबा कसा संपला ते सांगू लागलो. तोच हात आडवा आला. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मला एवढ्या लवकर कोणी थांबवलं नव्हतं.

त्यांच्याकडे 'विद्यार्थी सुविधा नोंदवही' होती. खाकी कव्हर, वर वळणदार अक्षर. रोज सकाळी ते ती फडक्यानं पुसत. आत एकही नोंद नव्हती.

गेल्या वर्षी महाविद्यालयाची तपासणी ठरली, तेव्हा कुठल्या खिडक्या ठेवायच्या हे ठरवायला समिती नेमली. त्या बैठकीला मी गैरहजर होतो, म्हणून सचिव मी. नोंदवही कोरी, वापराचा पुरावा नाही, सबब खिडकी चार बंद करून काम अ‍ॅपवर न्यावं, असा ठराव झाला. काकांना निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढायची होती. तिथे दिवसभर माणूस दिसत नाही.

सही करण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आठवतील तेवढी नावं आणि कारणं लिहून द्या, खिडकी वाचेल.

काकांनी नोंदवही पुसली.

"मी बी आल्तो हितं शिकायला, सर. फीमाफीच्या अर्जात कारन लिवला, बापाची होडी फुटली. कारकुनान ता मोठ्यान वाचला. सगली रांग हसली."

"मग?"

"मंग काय. अर्ज तिथंच ठेवला न् घरी गेलो." फडक्याची घडी करत म्हणाले, "पोरांची नावा मी नाय लिवनार. तुमी सही करा."

मी केली. ठरावावर चार सह्या आहेत, त्यात माझी सगळ्यात सुवाच्य.

या सत्रात एक मुलगी त्या बंद खिडकीसमोर उभी दिसली. दुसऱ्या वर्षाची, शिरवण्याहून येणारी. मोकलकाका कुठे बसतात म्हणून विचारत होती. मी तिला अ‍ॅपचं सांगितलं.

"बघितलं, सर. त्यात कारण टाकल्याशिवाय पुढे जातच नाही."

"बरं," मी म्हटलं, "कारण काय आहे?"

तिनं मोबाईल पिशवीत टाकला. मग "राहू दे, सर," म्हणाली आणि गेली.

फलकाच्या तळाशी आता ऑइलपेंटनं एक ओळ वाढवली आहे : २८. थंड पाण्याची सोय. कूलर खिडकी क्रमांक चारच्या जागी बसवला आहे.