तात्यांचं भिंग

सकाळी साडेसहाला आमच्या बदनापूरच्या गल्लीतून कुणी पहिल्यांदाच जात असेल, तर शिंगाडे तात्यांच्या ओट्यासमोर त्याची पावलं हमखास अडखळतात. ओट्यावर कौसाबाई बसलेल्या असतात, तोंडावर पदर ओढून. खालच्या पायरीवर त्यांचे यजमान, म्हणजे तात्या. बायकोचं पाऊल मांडीवर, डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात भिंग. टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, काही सुटत नाही. मग वहीत लिहितात, "उजवा साफ. डावा साफ."

एवढं झालं की कौसाबाई लगबगीनं खाली उतरतात आणि तात्यांच्या पायांवर डोकं टेकवतात. नवऱ्यानं पायाला हात लावला, ते पाप अंगावर राहायला नको! तात्या म्हणतात, "बस बस." हेही रोजचंच.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. जालन्याला बँकेत नोकरी असल्यानं गाडीसाठी मी रोज त्याच वेळी स्टेशनकडे निघतो, त्यामुळे एक दिवस विचारलंच, "तात्या, काय शोधता?"

"आधी बघा, मंग बोला," म्हणत त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं. कौसाबाईंनी पाय असा काही ओढून घेतला की बॅटरी गटारीत गेली.

"आधी बघा, मंग बोला" हे तात्यांचं ब्रीद. शेती संशोधन केंद्रात त्यांनी अख्खी नोकरी पिकांची निरीक्षणं लिहिण्यात घालवली. पान उलटं करायचं, भिंग लावायचं, मावा किती, तुडतुडे किती ते मोजायचं. निवृत्त झाले, पण भिंग काही निवृत्त झालं नाही. तुम्ही म्हणालात घसा दुखतो, की हे म्हणणार "आ करा." डाळीत किडा निघाला, तर शेजारीण डाळ टाकून देण्याआधी तात्यांना किड्याची जात विचारून घेते.

कौसाबाईंना शुगर निघाली तेव्हा तात्यांनी फार मनावर घेतलं नव्हतं. गोळ्या आणायचे, चहात साखर घालू द्यायचे नाहीत, संपलं. मग दोन वर्षांपूर्वी कौसाबाईंच्या चपलेतून खिळा वर आला. तो अंगठ्याखाली रुतत राहिला आणि त्यांना पत्ताच नाही, कारण शुगरनं पाय बधिर झालेले. चार दिवस त्या तशाच हिंडल्या. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता.

"चार दिवस," तात्या मला म्हणाले. "चार दिवस एका घरात राहून राह्यलो अन् मला दिसलं न्हाई. तिकडं कापसाच्या पानावरला मावा मोजला हो मी!"

तेव्हापासून हे भिंग बायकोच्या पायांवर. पण खरं मूळ भिंगाच्याही आधीचं. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. "सांजच्याला कळप बसला की बाप एकेकाचं खूर हातात घेऊन बघायचा. मेंढरू सांगत न्हाई भाऊ, खूर सांगतं."

"मंग मी काय मेंढरू हाय का?" आतून आवाज आला.

"मेंढरू बरं," तात्या म्हणाले. "पाय तरी ओढत न्हाई."

कौसाबाईंनी घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, हा नियम. देवळातही पांढरे मोजे. पांढरेच का, तर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. पुजाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा तात्यांनी विचारलं, "मारुतीला मोजे दिसतेत, अन् तिची भक्ती दिसत न्हाई का?"

जालन्याच्या एका लग्नात तर कहर झाला. पंगत बसली आणि तात्या गायब. शोधता शोधता सापडले ते मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगात. बायकोच्या चपलेत हात घालून आत खडा-खिळा आहे का ते चाचपत होते. मुलीकडच्यांनी चप्पलचोर म्हणून दंड धरलेला. तात्या शांतपणे म्हणाले, "आधी बघा, मंग बोला. बायकांची चप्पल हाय ही. मला येईल का?"

गल्ली हसायची. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी पाय बघून झाले, "साफ" लिहून झालं, कौसाबाईंनी डोकं टेकवलं. "बस बस," तात्या म्हणाले. पण कौसाबाई उठेचनात. मी थांबलो.

"हे काय हाय?" त्यांनी तात्यांची टाच हातात धरली होती. भेगेत बाभळीचा काटा मोडलेला, भोवती काळंनिळं, खाली चिघळलेलं.

"कुठं काय?"

कौसाबाईंनी अंगठ्यानं दाबलं. "दुखून राह्यलं का?"

"न्हाई."

दुखत नाही म्हणजे काय, हे या गल्लीला तात्यांनीच शिकवलं होतं.

त्याच दिवशी मी बँकेला दांडी मारून दोघांना जालन्याला नेलं. तात्यांची शुगर कौसाबाईंपेक्षा जास्त निघाली. हा माणूस दर महिन्याला त्याच दवाखान्यात येत होता, बायकोची फाईल छातीशी धरून. "कधी तपासली नाहीत?" मी चिडून विचारलं.

"मी नुस्ता संगं आल्तो ना भाऊ. पेशंट ही हाय."

डॉक्टरांनी जखम धुतली, गोळ्या लिहिल्या, डोळेही तपासून घ्या म्हणाले. तेव्हा कुठं तात्या घाबरले. इतक्या वेळात त्यांनी स्वतःबद्दल एकच प्रश्न विचारला.

"डोळे जातेत का यानं? मला हिचे पाय बघाया लागतेत."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

कौसाबाई मात्र भांडायच्या सुरात म्हणाल्या, "सासरे बी असेच. कळपाचे खूर बघू बघू सोताच्या टाचा फाटून गेल्त्या. राखणाऱ्याचे पाय कुणीच बघत न्हाई का?"

आता सकाळी ओट्यावर दोन पाळ्या असतात. आधी कौसाबाईंचे पाय. मग तात्या वरच्या पायरीवर बसतात, कौसाबाई खाली, आणि भिंग त्यांच्या हातात. जखम भरत आली आहे. पण आयुष्यभर दुसऱ्यांना "आधी बघा" म्हणणारा हा माणूस स्वतःची पाळी आली की डोळे गच्च मिटून घेतो.

"काय दिसून राह्यलं गं?"

"काई न्हाई. साफ हाय."

त्या भिंग बाजूला ठेवतात आणि तिथंच, हातातल्या पावलावर, कपाळ टेकवतात. तात्या आता "बस बस" म्हणत नाहीत.