भिंगारदिवे सरांनी सोडलेली दारू

कोल्हारचे निवृत्त गणित शिक्षक दानीएल भिंगारदिवे यांच्या पोटात पाणी झाले आणि नगरच्या डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचे सांगितले, तेव्हा सरांनी आयुष्यात दारूच्या थेंबालाही स्पर्श केलेला नव्हता. ही गोष्ट पुढे त्यांना फार महागात पडली.

सर कोल्हार दारूबंदी समितीचे संस्थापक अध्यक्ष होते. झुंबरबाईंच्या परवानाधारक देशी दारूच्या दुकानासमोर त्यांनी भर उन्हात घोषणा दिल्या होत्या. समितीच्या प्रत्येक सभेनंतर जिलबी वाटली जाई. सभेला माणसे कमी आणि जिलबी जास्त असा नेहमीचा अनुभव असल्याने उरलेली जिलबी अध्यक्ष या नात्याने सरांना संपवावी लागे. शिवाय चहात चार चमचे साखर आणि लग्नात दिसेल तेवढी बालुशाही. "आपल्याला कसलं व्यसन नाही, मग जिभेला एवढं तरी हवंच," असे ते म्हणत. नगरच्या डॉक्टरांच्या मते लिव्हर चरबीने निकामी केले होते आणि ती चरबी गोडाने आली होती. थोडक्यात, सरांचे लिव्हर दारूबंदीने गेले होते.

गावाला हे निदान पटले नाही. लिव्हर कशाने जाते हे गावाला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होते. नागापूरच्या कारखान्यात कामाला असलेला सरांचा धाकटा भाऊ नोहा भेटायला आला, तो खाटेवर बसून हळू आवाजात म्हणाला, "दादा, घरचाच हाय मी. मला तर सांगायचं. आपन दोघं बसलो असतो."

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाने लिव्हर बदलावे लागेल असे सांगितले. मात्र ते कोणाला द्यायचे याचा निर्णय रुग्णालयाची समिती घेत असे, आणि समितीत दोन पक्ष होते. थोरल्या डॉक्टरांच्या पक्षाचे म्हणणे असे की, रुग्णाने सहा महिने दारू सोडून दाखवल्याशिवाय त्याला नवे लिव्हर देणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे. धाकट्या डॉक्टरांचा पक्ष म्हणे की, या अटीला शास्त्रीय आधार नाही. सहा महिन्यांत निम्मे रुग्ण दारूच काय, सर्वच सोडून जातात. हा वाद दोन्ही डॉक्टर सरांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून घालत.

"साहेब, मी मुळात पीतच नाही," सर एकदा मधेच म्हणाले.

"हे बघा, आमची तात्त्विक चर्चा चालू आहे," थोरले डॉक्टर म्हणाले.

"पण नगरच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय..."

"नगरचं निदान पुण्यात धरत नाहीत."

लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. त्यातून एवढेच कळले की लिव्हर खराब आहे. चरबी बाटलीची की बालुशाहीची, हे भिंगाखाली खात्रीने सांगता येईना. या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले आणि सरांना समुपदेशकांकडे पाठवण्यात आले.

समुपदेशक अतिशय सहृदय होते. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. "कधीपासून पिता?"

"कधीच नाही."

"हं. नकार हे व्यसनाचं पहिलं लक्षण."

"अहो, पण जो खरंच पीत नाही, तो तरी दुसरं काय म्हणेल?"

"तो इथे येत नाही," समुपदेशक म्हणाले.

सरांनी बायबलची शपथ घेतली. समुपदेशकांनी 'तीव्र नकार' असे नोंदवले. सर रागावले. 'चिडचिड' अशी भर पडली. सर गप्प बसले, तेव्हा 'अपराधी भाव' पूर्ण झाला आणि आजाराचे चित्र स्पष्ट झाले. कबुली दिल्याशिवाय व्यसनमुक्ती केंद्रात प्रवेश नाही, केंद्राच्या दाखल्याशिवाय सहा महिने मोजले जाणार नाहीत आणि मोजल्याशिवाय लिव्हर नाही, असे त्यांनी अत्यंत मायेने समजावले.

त्या दिवशी परतताना सर एस.टी.च्या खिडकीकडे तोंड फिरवून बसले होते.  राहुरी मागे पडल्यावर शेजारी बसलेल्या पत्नी दयाबाई म्हणाल्या, "द्या की कबुली."

"खोटी?"

"देवाला खरं म्हाईत हाय. डॉक्टरला न्हाई. देव काय तुमाला सहा महिने थांबवायचा न्हाई."

"उद्या हेच विद्यार्थ्यांना कळलं तर?"

"विद्यार्थी तुमी पिता म्हनूनच समजत्यात. निदान जगल्यावर तरी समजू द्या."

सरांनी आयुष्यात एका मार्काची वाढही कधी खोटी दिली नव्हती. पण पोट पाण्याने टम्म फुगले होते, आणि दयाबाई त्यांच्याकडे न पाहता खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी सरांनी फोनवर "होय" एवढेच म्हटले. पलीकडे समुपदेशकांना गहिवरून आले.

नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात रोज सकाळी गोलात बसून प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची असे. पहिल्या दिवशी सरांची पाळी आली.

"मी दारू प्यायचो," सर म्हणाले. "साधारण तांब्याभर."

गोलातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सोनईचा टेम्पोवाला गोरक्षनाथ हा केंद्रातला सर्वांत अनुभवी रहिवासी होता. तो नंतर सरांना बाजूला घेऊन गेला. "सर, दारू तांब्यानं मोजत न्हाईत. क्वार्टर म्हना."

"क्वार्टर म्हणजे?"

"एकशेऐंशी."

"कशाचा चौथा भाग?"

"साडेसातशेच्या खंब्याचा."

"साडेसातशे भागिले चार म्हणजे एकशे साडेसत्याऐंशी. साडेसात कुठे गेले?"

 इतकी वर्षे पिऊनही हा विचार गोरक्षनाथाला कधी शिवला नव्हता. "सर," तो कळवळून म्हणाला, "तुमी कधीच प्यायला न्हाई ना?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस होता.

त्यानंतर गोरक्षनाथाने सरांची शिकवणी घेतली. हात कधी थरथरतात, बायकोला काय सांगायचे असते, चकण्याला काय लागते, सगळे शिकवले. सरांनी ते पाढ्यासारखे पाठ केले. महिन्याभरात सर असे काही सांगू लागले की जुने पिणारेही डोळे पुसत. केंद्राने नव्या रुग्णांसमोर त्यांचे भाषण ठेवायला सुरुवात केली. दारूबंदीच्या सभांना जिलबी देऊनही माणसे येत नसत, इथे सरांना ऐकायला सतरंज्या कमी पडू लागल्या. जन्मभर न प्यायलेल्या माणसाला विचारणारे कोणी नव्हते. सोडलेल्याला हार होते.

कोल्हारच्या चर्चमध्येही पाळकसाहेबांनी सरांना साक्ष देण्यास बोलावले. इथे मात्र सर अडले. डॉक्टरशी खोटे बोलणे वेगळे, वेदीसमोर वेगळे. त्यांनी फक्त खरी वाक्ये बोलायचे ठरवले.

"आज माझ्या पोटात दारूचा थेंब नाही," सर म्हणाले.

"हालेलुया!" मंडळी म्हणाली.

"दारूने किती घरं बुडाली ते मी जवळून पाहिलंय."

पुढच्या रांगेतल्या चांगुणाबाई हुंदके देऊ लागल्या.

"माझ्या बायकोला मी दारूपायी कधी त्रास दिला नाही."

यावर सगळ्यांनी दयाबाईंकडे अशा काही करुणेने पाहिले की त्यांनी मान खाली घातली. त्यांना हसू आवरत नव्हते. मंडळीने त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

सहा महिने भरत आले. पाणी दोनदा काढावे लागले, डोळे पिवळे झाले, पण सर टिकले. दाखला घेऊन ते पुण्याला गेले, तेव्हा थोरले आणि धाकटे डॉक्टर प्रथमच एकत्र उभे होते. नुकतीच एका पंचतारांकित हॉटेलात लिव्हरतज्ज्ञांची परिषद झाली होती. तिथे मद्यपानाच्या दुष्परिणामांवर दिवसभर चर्चा होऊन संध्याकाळी मद्यपानासह भोजन झाले, आणि त्या भोजनात दोन्ही पक्षांचा समेट झाला होता.

"सहा महिन्यांची अट आम्ही काढून टाकली," धाकटे डॉक्टर आनंदाने म्हणाले. "अशास्त्रीय होती."

"देवाची कृपा!" सर म्हणाले.

"आता रुग्ण पुन्हा पिण्याचा धोका किती, ते पाहतो," थोरले म्हणाले. "तुमचा फारच आहे. केंद्राने तुमच्या भाषणांचं इतकं कौतुक लिहिलंय, की असा मुरलेला पिणारा आम्ही पाहिला नाही. तुम्हाला आणखी दोन वर्षं निरीक्षणाखाली ठेवावं लागेल. जे कधीच प्यायले नाहीत, त्यांचं लगेच करतोय."

सर ताडकन उठले. "अहो, मी कधीच प्यायलो नाही!"

समुपदेशकांना तातडीने बोलावण्यात आले. "नकार परत उलटला," ते दुःखाने म्हणाले.

दोन वर्षे सरांजवळ नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांच्या रंगावरून कोणालाही दिसत होते. शेवटी धाकट्या डॉक्टरांनी वाट काढली. रुग्णालयातल्या समाजसेविका हुमेरा शेख गावात जाऊन चौकशी करतील आणि त्यांच्या अहवालावर समिती ठरवेल.

हुमेरा कोल्हारला आली, तेव्हा गावाने सरांना मदत करायचे एकमुखाने ठरवले होते. मदत कशाने होईल एवढेच गावाला ठाऊक नव्हते.

"सर ना? लई प्यायचे," सरपंच अभिमानाने म्हणाले. "आन् एका झटक्यात सोडली!"

"प्रभूने त्यांना गटारातून उचललं," पाळकसाहेब म्हणाले.

"सरांना पिताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?" हुमेराने विचारले.

"त्यात काय बघायचं? सोडली म्हंजी पीत असनारच."

हुमेरा जायला निघाली. रस्त्यात झुंबरबाईंचे दुकान लागले. काउंटरवर पाटल्या-बांगड्या घालून स्वतः झुंबरबाई बसल्या होत्या. हुमेराला वाटले, इथे विचारून पाहावे.

"मास्तर?" झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. "त्यो माझ्याकडं कधी एक बाटली घ्यायला आला असता, तर मी गावजेवन घातलं असतं. बारा म्हैने माझ्या दारात 'मुर्दाबाद' वरडायचा. आन् आता म्हनं त्यो बेवडा होता! पिला कुठं? आकाशातून आनली का?"

"तुम्ही हे चारचौघांसमोर सांगाल?"

"सांगते की. चला ग्रामपंचायतीत."

ग्रामपंचायतीत झुंबरबाई खुर्ची ओढून बसल्या, तेव्हा बैठकीत अस्वस्थता पसरली. सरपंच म्हणाले, दारूवालीची साक्ष कशी धरायची? दारूबंदी समितीतल्या एका प्रतिष्ठिताने मान हलवली. दुसरे म्हणाले, गावाची अब्रू आहे.

"नगा धरू," झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. "बाई, तुमी असं करा. माझ्याकडं कोन येत न्हाई ते ऱ्हाऊ द्या. कोन येतं, ते लिवून घ्या. बसल्यात त्यांच्यापासूनच सुरू करू."

 मग सरपंच उभे राहिले. भिंगारदिवे सरांनी जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही, असा ठराव त्यांनी मांडला. अनुमोदनासाठी इतके हात वर आले की कोणाचे नाव घालावे ते ग्रामसेवकाला कळेना.

पुण्याच्या समितीने सरांना निष्कलंक ठरवले. मृत दात्याचे लिव्हर मिळेपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून आता लिव्हरचा तुकडा देणारा जवळचा नातेवाईक हवा होता. घरात बैठक बसली. नोहा म्हणाला, त्याने जीवही दिला असता, पण कारखान्यात वजन उचलावे लागते. मुलगा एडविन तयारच होता, पण त्याचे लग्न जमायचे होते आणि पोटावर टाके असलेला नवरा कोण करील, असे सर्वांनी मिळून त्याला समजावले. चुलतभावांना शुगर निघाली. एकाला तर तिथल्या तिथे निघाली. तेवढ्यात आतून दयाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझं चालतंय का बघा." प्रश्न मिटला.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. सरांच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. ते परत आले, तेव्हा कोल्हारच्या फाट्यावर फलक लागला होता. घरासमोर मांडव घालून सत्कार झाला. सरांना शाल मिळाली. धावपळ केल्याबद्दल नोहाला श्रीफळ मिळाले. लिव्हर देण्याची तयारी दाखवल्याबद्दल एडविनचे विशेष कौतुक झाले, आणि त्याच मांडवात त्याला एक स्थळही आले. दोन्ही डॉक्टरांचा संदेश वाचून दाखवण्यात आला. झुंबरबाईंचा उल्लेख 'एक हितचिंतक' असा झाला. आतल्या खोलीत दयाबाई एका हाताने पोट दाबून दुसऱ्या हाताने पाहुण्यांच्या चहाला आधण ठेवत होत्या.

ही हकिगत मी अनेकांना सांगितली. ऐकून सगळे हळहळतात, हसतात, व्यवस्थेला शिव्या देतात. मग विचारतात, सर आता बरे आहेत ना? पथ्य पाळतात का? डॉक्टरांचं पुढे काय झालं? मुलाचं लग्न जमलं का? झुंबरबाईंचं दुकान चालू आहे का?

सर ठणठणीत आहेत, लग्न जमले, दुकान चालू आहे. आतल्या खोलीबद्दलचा एक प्रश्न मात्र विचारायचा राहतो, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे तयार आहे. आजवर कोणी विचारलेला नाही. तुमच्याही मनात तो आत्ता, मी म्हटल्यावरच आला.