आधी शपथ, मग लेबल

दिग्विजयचं डोकं सकाळपासून तापलं होतं. चाकणच्या त्या कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा, आणि संध्याकाळी संत तुकाराम नगरला त्याचा मुलगी बघायचा कार्यक्रम होता. मॅनेजर दौलतरावांना शपथ नेमकी आजच सुचावी!

"काळा पडदा उघडला की आधी शपथ. ‘मी डोकं शांत ठेवून काम करीन.’ मोठ्यानं वाचायचं, ‘हो’ टाइप करायचं, मगच काम."

म्हणजे टर्मिनल, कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी, उघडताना जी फाइल आधी चालते, तिच्यात ओळ घालायची. घालायला काय जातंय? पण अख्ख्या कंपनीचं लॉगिन एकच. पेट्यांची लेबलं छापणारा प्रोग्रामही त्याच लॉगिननं आत शिरायचा, आणि त्याला ‘हो’ म्हणायला कुठलं तोंड? त्याला तरी सूट द्या, असं दिग्विजयनं विनवलं. दौलतराव उखडले. नियम म्हणजे नियम, प्रोग्राम काय जावई लागून गेलाय का, असं चारचौघांत सुनावलं. दिग्विजयनं दातओठ खात ओळ घातली.

व्हायचं तेच झालं. प्रोग्राम शपथेपाशी जाऊन बसला. लेबल नाही म्हणून पेट्या हलेनात, पेट्यांवाचून ट्रक हलेना, आणि ड्रायव्हर गेटवर शिव्या मोजतोय. दौलतराव तणतणत आले ते दिग्विजयच्याच अंगावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"ओळ काढू का?" दिग्विजयनं विचारलं.

"न्हाई. माझा शब्द मागं जायचा न्हाई. लेबलं हातानं काढ."

हातानं म्हणजे दर लेबलाला पडदा नव्यानं उघडायचा आणि दर वेळी शपथ. एव्हाना शिफ्ट संपली होती. दिग्विजयनं त्यांना एक लेबल काढून दाखवलं आणि बॅग उचलली.

"साहेब, मी चाललो पोरगी बघायला. शपथ तुमची, लेबलंही तुमचीच."

कांदेपोहे समोर आले तरी त्याच्या कपाळावरची आठी जाईना. मुलीच्या वडिलांचा जन्म एका तापट साहेबाखाली गेला होता. जावयाच्या घरी तोच वणवा नको, म्हणून साहेब स्वभावानं कसे, हेच ते खोदून खोदून विचारत होते. दिग्विजयला खोटं बोलवेना. तेवढ्यात फोन वाजला, आणि चिडलेल्या बोटानं स्पीकर चालू झाला.

मागून ड्रायव्हर ओरडत होता, "साहेब, मोठ्यानं वाचा, ऐकू येईना." मग दौलतरावांचा पार बसलेला आवाज आला.

"दिग्विजय, बाळा, ती ओळ कशी काढायची रे?"

मुलीचे वडील ऐकतच राहिले.

"किती शांत बोलतात हो तुमचे साहेब!"

"हो," दिग्विजय म्हणाला. "शपथच घेतलीय त्यांनी."