अर्ध्या तिकिटाचे हवालदार

मोटर ढकलायची वेळ आली की कुणीही कपाळाला हात लावतो. आमच्या हवालदार तात्यांना मात्र आनंद व्हायचा.

लढाई संपली तरी पेट्रोल मुबलक मिळत नव्हतं. मिरजेहून कवठे महांकाळकडे जाणारी सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीला बंबासारखी टाकी, तोंडाला धाप. आमच्या गावापुढची चढण आली की ती हमखास बसायची आणि कंडक्टर ओरडायचा, "उतरा मंडळी, हात लावा!"

तात्या इटलीहून लढून आले आणि पहिल्यांदाच त्या मोटरीत बसले. चढणीला खाली उतरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ढकलायचं बी आमी, आन् तिकीट बी आमीच काढायचं? बैल कुठं भाडं देतो का रं?"

सगळी मोटर हसली. कंडक्टरही हसला आणि तिथंच फसला. तेव्हापासून तात्यांना अर्धं तिकीट. बोलीप्रमाणे ते सगळ्यांच्या आधी उतरायचे, मागं खांदा लावायचे आणि पलटणीला हुकूम द्यावा तसे गरजायचे, "येकसाथ... जोर!" एकदा मोटर कशी कोण जाणे, न थांबता चढण चढून गेली. कंडक्टरनं लगेच हात पुढे केला, "तात्या, उरलेलं अर्धं!" त्या दिवशी तात्या जेवले नाहीत म्हणे.

माझं शिंप्याचं दुकान तात्यांच्या घराला लागून होतं, त्यामुळं त्यांची काटकसर मला रोज घरबसल्या बघायला मिळायची. सकाळी ते ओट्यावर दाढीला बसत. पातं एकच. काचेच्या पेल्याला आतून घासून घासून त्याला धार लावत. मी म्हटलं, "आवं तात्या, नवं घ्या की."

"ह्यो गडी माझ्यासंगं समिंदर वलांडून आलाय. त्येला टाकू व्हय?" वर नेहमीचं वाक्य ठरलेलं: "गेलं ते सरकारचं, उरलं ते आपलं!"

नाक्यावर आदमभाईंचं हॉटेल होतं. तात्या तिथं अर्धा कप चहा घेत. तो संपला की म्हणत, "ह्यात वाईच गरम पाणी वत. न्हाईतरी तू कप धुणारच की." ते पाणी हलवून, चहासारखं फुंकर घालून पीत. आदमभाई म्हणायचे, "हवालदार, आता बशी बी चावून खावा, म्हंजे धुवायचं कामच न्हाई!"

कापडाला रेशन होतं. तात्यांनी पलटणीतली घोंगडी माझ्यापुढं टाकली. "ह्याचा कोट शीव." कोट झाला. उरलेल्या तुकड्याची टोपी झाली. टोपीतून उरलं त्याची पिशवी. तरीही चार चिंध्या राहिल्याच. तात्या त्या घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सोनाकाकू तावातावानं दुकानात आली.

"तुमास्नी काय कळतंय का न्हाई? शेळीला झूल शिवून दिली?"

"मी नाही शिवली, काकू."

"मग ह्येंनीच शिवली आसंल! आता धनी आन् शेळी येकाच कापडात फिरत्यात. बाया मला इचारत्यात, ह्यातला हवालदार कंचा?"

सांगायचं काय, की तात्यांचं सगळं असं हसण्यावारी जायचं. चिकटपणाचा राग कुणाला आला नाही, कारण त्यात ते स्वतःच सगळ्यांत जास्त रमलेले असायचे.

एकदा कवठ्याच्या बाजाराला शिवलेल्या बंड्या घेऊन मी निघालो होतो. तात्या मोटरीत होतेच. त्या दिवशी ढकलूनही मोटर हलेना. तात्या म्हणाले, "चल गड्या, पायी जाऊ. वाटंत माझं वाईच काम हाय."

माळावरच्या एका वस्तीत त्यांनी मला नेलं. एक म्हातारी दारात बसली होती. तात्यांना बघून तिचा चेहरा उजळला. तिचा लेक मारुती लढाईत तिकडंच मारला गेला होता. हे मला तिच्याच बोलण्यातून कळलं.

"आलास हवालदारा? बस. सांग, आज काय सांगतूस?"

तात्या उकिडवे बसले. "आये, तुज्या मारुतीला येकदा अंडं खावंसं वाटलं. भाषा येईना. पठ्ठ्या गेला येका इटलीवाल्या म्हातारीच्या दारात, आसा बसला, बगला हलिवल्या आन्..."

आणि तात्यांनी त्या अंगणात, घोंगडीच्या कोटात, कोंबडी केली. मान पुढंमागं करत, "कॉक कॉक" ओरडत फेरी मारली. खऱ्या कोंबड्या पळाल्या. म्हातारी हसता हसता डोळे पुसायला लागली.

"ल्हानपनापासनं आसाच हुता बया! नकल्या! मग दिली का तिनं अंडी?"

"पदर भरून! तुज्या लेकाला कोन न्हाई म्हनंल?"

निघताना तिनं विचारलं, "परत कवा येशील?" तात्या म्हणाले, "येतो की. अजून लय राहिलंय."

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "मारुती भारी गडी दिसतोय. तुमच्याच तुकडीत होता?"

तात्या चालता चालता म्हणाले,

"जाताना येका बोटीत हुतो. त्यो बोट लागून वकत पडल्याला. मी पाणी दिलं. मग त्यो कुठं, मी कुठं. खरं सांगू? तोंड बी नीट आठवत न्हाई."

"मग ती कोंबडी?"

"ती मीच. आतापातूर सांगितल्याल्या समद्या गोष्टी माझ्याच." ते थांबले. कपाळावरचा घाम पुसला. "पर आता माझ्या सरत आल्या रं. म्हातारी तर वाट बघती. तुज्याजवळ हाय का एखादी?"

मी जन्मात मिरजेच्या पुढं गेलो नव्हतो. तरी बोलायला लागलो. एका लग्नात नवरदेवाच्या विजारीचे दोन्ही पाय मी चुकून एकाला एक शिवले होते आणि तो गडी उड्या मारत बोहल्यावर चढला होता, ती हकिकत सांगितली.

तात्या मन लावून ऐकत होते. मधेच एकदा मोठ्यानं हसले. मग मान हलवून म्हणाले,

"बसंल. इटलीत बसंल ही."