चाड्यावरचा सिद्राम

सिद्राम पेरायला लागला की बाईच्या आवाजात गायचा.

यातली गंमत कळायला सिद्रामला पाहायला हवं होतं. मंद्रूपकडचा धनगर गडी, तालमीत कमावलेले दंड, आणि मिशा अशा की सोलापूरच्या आमच्या शेतकी शाळेतले मास्तरही त्याला नकळत 'अहो सिद्राम' म्हणून जात. असा हा गडी तिफणीमागे चालत चाड्यात, तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडू लागला, की त्या मिशांखालून किनरा सूर निघायचा :

"पयलं तास बाई, धरिते मी काळ्या राना,
मूठ सोडिते गं, पिकू दे दाना दाना!"

'धरिते' काय, 'सोडिते' काय! आम्ही पोट धरून हसायचो. तो ढिम्म. "हसा की. जुंधळा उगवल्यावर बगू, कोण हसतंय!"

त्याची तिफण हाकायला मास्तरांनी मला दिलं होतं. मी गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा. बैलांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं आणि त्यानंतर माझं काही ऐकलं नाही. पण सिद्रामचं गाणं सुरू झालं की ते निमूट चालत. मास्तर मात्र बांधावरून ओरडत, "पेरणी हे शास्त्र आहे, भजन नव्हे!"

पेरणीच्या परीक्षेला बाहेरचे साहेब आले. मास्तरांनी सिद्रामला बजावलं, "आज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही." सिद्रामच्या चुलत्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "नापास झालास की मेंढरामागं यायचं." आणि सिद्रामला तर शिकायचं होतं.

तो मुकाट्यानं पेरत गेला. साहेबांनी तासातली, पेरलेल्या ओळीतली, माती उकरली. एका जागी मूठभर बी, पुढे हातभर जागा कोरडी. साहेबांनी भुवया चढवल्या. सिद्रामनं मास्तरांकडे पाहिलं.

मला राहवेना. "साहेब, हा गाऊन पेरतो. गप्प राहिला की हात चुकतो."

"मग गा की!" साहेब म्हणाले.

सिद्राम गायला. दुसऱ्या तासाची माती साहेबांनी तीन ठिकाणी उकरली. दाणे सारख्या अंतरावर पडले होते. साहेबांनी 'पास' लिहिलं. मास्तर उगाचच टोपी झटकत राहिले.

संध्याकाळी बैल सोडताना मी त्याला डिवचलं, "पास झालास ना? आता तरी पुरुषासारखं गा!"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "न्हाय जमत. घरी आई ह्येच गात मूठ धरायची, मी बैलं हाकायचो. ती गेली. आता माज्या आवाजात गायलं की लगीच कळतंय, रानात मी एकलाच हाय."

मला माझीच लाज वाटली. वर्षभर मी त्याला हसलो होतो. म्हटलं, "पुढची ओवी शिकव."

त्यानं शिकवली. माझा आवाज मुळातच बारीक होता.